पॅचच्या कडेला पुन्हा तडा: सळईच्या गंजावर विजेचा उपाय कधी लागू पडतो

मुंबई, ठाणे, वसई, पणजी, खाडीकाठच्या कुठल्याही सोसायटीत ही तक्रार सारखीच असते. बीमच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत तडा गेला, कव्हर (सळईवरचं काँक्रीट) पोकळ वाजू लागलं, कॉन्ट्रॅक्टरने चिपिंग केलं, म्हणजे सैल काँक्रीट तोडून काढलं, लोखंड घासलं, रस्ट कन्व्हर्टर लावलं, पॉलिमर मॉर्टर भरलं, रंग मारला. दोन-तीन पावसाळे बरे गेले. मग त्याच बीमला पुन्हा तडा. नीट पाहिलं तर नवा तडा पॅचमध्ये, म्हणजे नव्याने भरलेल्या भागात, नसतो. तो पॅचच्या कडेला लागून असतो, जिथलं काँक्रीट मागच्या वेळी ‘चांगलं आहे’ म्हणून सोडलं होतं.

कमिटीचा निष्कर्ष ठरलेला असतो: माल हलका वापरला. कधी ते खरंही असतं. पण पॅच शाबूत आणि शेजार फुटलेला, असं चित्र असेल तर माल बदलून काही होणार नाही. पुढच्या वेळी जास्त महागडं मॉर्टर भराल आणि तडा आणखी एक वीत पुढे सरकेल. हे विजेचं दुखणं आहे, आणि त्यावर विजेच्या मार्गानेच जाणारे काही उपाय आज उपलब्ध आहेत. ते सगळीकडे चालत नाहीत. कुठे चालतात आणि चालू केल्यावर काय काय बिघडतं, ते खाली लिहितो.

आधी तडा कशाचा ते ठरवा

विटांची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावर सरळ आडवी रेघ असेल तर ती बहुतेक वेळा प्लास्टरची असते. कॉलमजवळ बीमच्या पोटात तिरका, साधारण पंचेचाळीस अंशांत वर चढत जाणारा तडा दिसला तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो भाराचा तडा असू शकतो. स्लॅबवरची बारीक जाळी आकुंचनाची असते.

गंजाचा तडा सळईच्या रेषेतच जातो. बीमला खालून लांबच लांब, कॉलमला कोपऱ्याच्या गजांवरून उभा, छज्जाला पुढच्या कडेने. काही ठिकाणी ठरावीक अंतरावर आडव्या रेघा दिसतात, त्या रिंगांच्या, म्हणजे मुख्य सळयांभोवती गुंडाळलेल्या गजांच्या. तपकिरी ओघळ असतो किंवा नसतो. छोट्या हातोडीने ठोकत गेलात की घट्ट काँक्रीटचा खणखणीत आवाज मध्येच बद्द होतो. तिथे कव्हर सळईपासून सुटलेलं आहे. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे सळईची ०.१ मिलिमीटरपेक्षाही कमी जाडी गंजली तरी कव्हर फुटायला पुरतं. म्हणून पहिला बारीक तडा दिसतो तेव्हा सळई अजून बऱ्यापैकी शाबूत असते. खरा उपाय करायची वेळ तीच आहे, आणि नेमक्या त्याच वेळी तड्यात पुट्टी भरून रंग मारला जातो.

कडेलाच का फुटतं

चांगल्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो. एवढ्या अल्कलीत लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तो सळईला सांभाळतो. हा थर दोन कारणांनी जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपून काँक्रीटची अल्कली खलास करतो. यालाच कार्बोनेशन म्हणतात. दोन, मीठ. ते समुद्राच्या वाऱ्याबरोबर येतं, किंवा जुन्या इमारतींत खाडीच्या न धुतलेल्या वाळूतून पहिल्या दिवसापासून आत बसलेलं असतं. मिठातला क्लोराइड आला की पीएच चांगला असूनही थर जागोजागी फुटतो.

थर फुटलेल्या जागी लोखंड विरघळू लागतं आणि इलेक्ट्रॉन सुटतात. हे झालं ॲनोड. ते इलेक्ट्रॉन सळईतूनच शेजारच्या शाबूत भागाकडे जातात आणि तिथे पाणी आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन हायड्रॉक्साइड तयार होतं. हे कॅथोड. एकाच सळईवर घड्याळातल्या सेलसारखी ही जोडी तयार होते. आता बारकाईने पाहा: गंजणारा भाग इलेक्ट्रॉन देत असतो तोवर शेजारचा भाग फुकटात संरक्षित राहतो. शेजारीही मीठ आहेच, पण तो गंजत नाही, कारण कोणीतरी त्याच्या वाटचं गंजतंय.

आपण येतो, गंजणारा भाग उकरून काढतो, लोखंड चकचकीत करतो आणि भोवती नवं, अल्कलीने भरलेलं, मीठ नसलेलं मॉर्टर भरतो. तो भाग लगेच उत्तम कॅथोड होतो. शेजारच्या जुन्या, खारट काँक्रीटमधल्या सळईचं संरक्षण गेलं आणि वर नवा मोठा कॅथोड तिच्या शेजारी येऊन बसला. गंजाची पाळी आता तिची. इंजिनिअर मंडळी याला रिंग ॲनोड किंवा इन्सिपिएंट ॲनोड म्हणतात.

अशी कड उघडली की सगळा प्रकार डोळ्यांना दिसतो. पॅचमधली सळई करड्या रंगाची, कोरडी, वर्षांपूर्वी घासलेल्या ब्रशचे ओरखडेसुद्धा शाबूत. तिथून चार बोटं पुढे तीच सळई काळपट-हिरव्या चिखलात बसलेली, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो, आणि उघडल्यावर थोड्याच वेळात तो हिरवा चिखल हवेत तांबूस होत जातो. एकाच सळईचे दोन तुकडे, वीतभर अंतरावर.

सगळा दोष या विद्युत जोडीलाच द्यावा असंही नाही. चिपिंगच्या हादऱ्याने कडेचं काँक्रीट आधीच सैल झालेलं असतं, मॉर्टर आकसून कडेला केसाएवढी फट पडते आणि पाणी तिथूनच शिरतं. पण फट बुजवून थांबलात तर पुढचा तडा ठरलेला.

उकरण्याआधीच्या तपासण्या

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, त्यामुळे बऱ्याच सोसायट्यांच्या कपाटात यातले अर्धे आकडे आधीच पडून असतात. रिपोर्टाचं शेवटचं पान, म्हणजे खर्चाचं, सगळे वाचतात. हाफ-सेल चाचणीचा, म्हणजे सळईच्या व्होल्टेजच्या मोजणीचा, तक्ता काढून समोर ठेवा.

फिनॉल्फ्थॅलिन चाचणी सर्वांत सोपी आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा तोडायचा, धूळ फुंकून टाकायची, पाणी लावायचं नाही, आणि एक टक्का द्रावण शिंपडायचं. गडद गुलाबी झालं तिथे अल्कली आहे. रंगहीन राहिलं तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलं. बाहेरच्या पृष्ठभागापासून गुलाबी सुरू होतं तिथपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि सळईवरच्या कव्हरशी ताडून पाहा. ड्रिलच्या भोकातली धूळ भोवती पसरलेली असताना चाचणी केली तर आतली ताजी पूड बाहेरच्या काँक्रीटवर बसून खोटा गुलाबी रंग देते.

क्लोराइडसाठी ड्रिलने थराथराने पूड काढून लॅबला द्यायची: पहिला १० मिलिमीटर, मग पुढचा, असं सळईच्या खोलीपर्यंत आणि थोडं पलीकडेही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आरसीसीसाठी ओततानाच्या एकूण क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. एकच सरासरी आकडा आला तर परत पाठवा, कारण आपल्याला उतार हवा असतो. बाहेर जास्त आणि आत कमी असेल तर मीठ बाहेरून आलंय. सगळीकडे सारखं असेल तर ते वाळूतूनच आलंय, आणि मग फक्त बाहेरचा थर काढून काही उपयोग नाही.

हाफ-सेल पोटेन्शियल म्हणजे तांबं आणि मोरचुदाच्या द्रावणाचा संदर्भ इलेक्ट्रोड पृष्ठभागावर फिरवत सळईचा व्होल्टेज वाचणं. एएसटीएम सी ८७६ या अमेरिकी चाचणी मानकाप्रमाणे उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे ३५० पेक्षा जास्त ऋण असेल तर गंज चालू असण्याची शक्यता तेवढीच, मधलं अनिश्चित. एकट्या आकड्यावर विसंबू नका. पाण्याने तुडुंब भिजलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन कमी असल्याने आकडा खूप ऋण येतो आणि तरी गंज नसतो. उपयोगी पडतो तो नकाशा: चौकटी आखून आकडे लिहा आणि कुठे एका फुटात शे-दीडशे मिलिव्होल्टची उडी आहे ते शोधा. पॅचच्या कडेला अशी उडी सापडली की निदान पक्कं. रंग आणि पुट्टी आधी काढा, पृष्ठभाग ओला करा, नाहीतर मीटर काहीबाही दाखवतो.

आणि चौथी, जी बहुतेक वेळा राहून जाते: सळया एकमेकींना विजेने जोडलेल्या आहेत का? दोन लांबच्या ठिकाणी सळई उघडी करून मधला रोध मोजा. एक ओहमपेक्षा कमी हवा. बांधणीची तार गंजून तुटली असेल, तर एखादी सळई परिपथाबाहेर राहते. पुढचा सगळा करंट तिला वाऱ्यावर सोडून बाकीच्यांना सांभाळेल, आणि तीच वेगाने गंजेल.

उपाय १: पॅचच्या कडेला जस्ताचे ॲनोड

मीठ मर्यादित आहे, थोडेच पॅच आहेत आणि उकरायचंच आहे, अशा वेळी हा पहिला पर्याय. जस्त लोखंडापेक्षा लवकर विरघळतं आणि लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतं. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हेच तत्त्व वापरलं होतं. काँक्रीटसाठीचे ॲनोड म्हणजे खास मॉर्टरमध्ये गुंडाळलेला जस्ताचा छोटा गोळा, दोन बाजूंना तारा. भोवतीचं मॉर्टर मुद्दाम जास्त अल्कलीचं किंवा जस्त जागं ठेवणारं केलेलं असतं. नुसतं जस्त काँक्रीटमध्ये टाकलं तर ते थोड्याच दिवसांत स्वस्थ बसतं.

बसवण्यात चुका होतात त्या अशा. ॲनोड पॅचच्या मधोमध बांधतात, तिथे त्याची गरज नसते. तो कडेला हवा, जुन्या काँक्रीटपासून साधारण १०० मिलिमीटरच्या आत, कारण सांभाळायची आहे ती पलीकडची सळई. तारा रंगलेल्या किंवा झिंक प्रायमर मारलेल्या सळईवर पिळतात. त्या उघड्या, चकचकीत लोखंडावरच पिळायच्या आणि मीटरने जोड तपासायचा. सर्वांत मोठी चूक म्हणजे भरायचं मॉर्टर. भरपूर पॉलिमर किंवा इपॉक्सी असलेलं मॉर्टर वीज वाहू देत नाही. ॲनोड बनवणारे साधारणपणे १५,००० ओहम-सेंटिमीटरपेक्षा कमी रोधकतेचा माल मागतात. मॉर्टरच्या डेटाशीटमध्ये हा आकडा नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. पॅचच्या काँक्रीटवर इपॉक्सी बाँडिंग कोट (जुनं-नवं चिकटवणारा थर) मारला तरीही तोच अडथळा तयार होतो, आणि आपल्याकडे तो सवयीने मारला जातो.

आयुष्याचा हिशेब स्वतः करता येतो. एक किलो जस्तातून सुमारे ८२० अँपिअर-तास मिळतात, म्हणजे १०० ग्रॅममधून ८२. सतत १ मिलिअँपिअर दिला तर कागदावर नऊ वर्षांहून थोडं जास्त. प्रत्यक्षात सगळं जस्त वापरात येत नाही आणि पावसाळ्यात करंट वाढतो, त्यामुळे कमी धरा. ‘पन्नास वर्षांची गॅरंटी’ कोणी देत असेल तर जस्ताचं वजन विचारा.

उपाय २: मीठ बाहेर ओढणं

मीठ सळईपर्यंत पोचलंय, पण कव्हर अजून बऱ्याच भागात शाबूत आहे, अशा इमारतीत सगळं उकरण्याऐवजी मीठच बाहेर काढता येतं. काँक्रीटच्या पृष्ठभागावर टायटॅनियमची किंवा साधी लोखंडी जाळी लाकडी पट्ट्यांवर तात्पुरती बांधतात, तिच्यावर कागदाच्या लगद्यासारखं सेल्युलोज तंतूचं ओलं मिश्रण फवारतात आणि ते चुन्याच्या पाण्याने ओलं ठेवतात. जाळी धन टोकाला, सळई ऋण टोकाला. क्लोराइड स्वतः ऋणभारित, तो सळईपासून दूर जाळीकडे सरकतो. त्याच वेळी सळईवर हायड्रॉक्साइड तयार होऊन अल्कली परत वाढते. दुहेरी फायदा.

करंट चौरस मीटरला १ अँपिअरच्या आसपास, व्होल्टेज ५० च्या आत, काळ चार ते आठ आठवडे. सहा आठवडे म्हणजे चौरस मीटरला सुमारे १,००८ अँपिअर-तास. काम किती झालं ते दिवसांवरून नाही, या आकड्यावरून आणि पुन्हा काढलेल्या पुडीच्या क्लोराइडवरून ठरवतात. सळईच्या समोरचं मीठ चांगलं निघतं, मागचं बरंचसं मागेच राहतं. स्लॅबमध्ये दोन थरांच्या सळया असतील तर वरच्या थराची फसवी खुशी होऊ देऊ नका, खोलवरचा नमुना काढा.

संपल्यावर जाळी आणि लगदा काढून टाकतात. इमारतीवर कायमचं काही राहत नाही, वीजबिलही नाही. पण नवं मीठ यायचं थांबत नाही, म्हणून नंतर चांगलं कोटिंग अत्यावश्यक आहे. समुद्राच्या तोंडावरच्या भिंतीला ते नाही केलं तर सगळा खर्च पुन्हा सुरू.

कार्बोनेशन झालंय पण मीठ नाही, अशी इमारत आतल्या भागात, पुण्या-नाशिककडे जास्त सापडते. तिथे हीच मांडणी, द्रावण सोडियम कार्बोनेटचं, आणि काळ फार कमी: बहुधा एक-दोन आठवडे. याला रिअल्कलायझेशन म्हणतात. झालं की नाही ते पुन्हा फिनॉल्फ्थॅलिननेच दिसतं. सळईभोवती गुलाबी वलय आलं पाहिजे.

उपाय ३: कायमचा करंट

मीठ खूप आणि सगळीकडे, उकरून संपणार नाही, इमारत किंवा जेट्टी दशकानुदशकं वापरायची आहे, तेव्हा बाहेरून बारीक करंट कायम देत राहायचा. काँक्रीटच्या पुलावर याचा पहिला मोठा प्रयोग कॅलिफोर्नियात १९७३ मध्ये स्लाय पार्क रोडच्या पुलावर रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी केला. आज पृष्ठभागावर टायटॅनियम जाळी बसवून वर काँक्रीटचा थर देतात, किंवा खाचा पाडून पट्ट्या बसवतात. लागणारा करंट थोडाच, सळईच्या चौरस मीटरला २ ते २० मिलिअँपिअर.

चालतंय की नाही ते ठरवायची कसोटी आयएसओ १२६९६ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे: करंट बंद करा आणि २४ तासांत सळईचा व्होल्टेज १०० मिलिव्होल्ट तरी मागे सरकतो का ते पाहा. सरकला तर संरक्षण मिळत होतं. या उपायाचा खरा कच्चा दुवा वीज नाही, देखभाल आहे. करंट देणाऱ्या पेटीची किल्ली कोणाकडे, आकडे कोण लिहितं, सेक्रेटरी बदलला की काय, हे आधी न ठरवता बसवू नका.

मग तडा भरतो तरी कोण?

हा प्रश्न हमखास येतो आणि योग्यच आहे. वरचे तिन्ही उपाय गंज थांबवतात. फुटलेलं कव्हर चिकटवत नाहीत. पोकळ वाजणारं काँक्रीट करंट देण्याआधी काढलंच पाहिजे, आणि नव्या मॉर्टरची रोधकता जुन्या काँक्रीटच्या निम्म्यापासून दुपटीच्या दरम्यान हवी, म्हणजे करंट सगळीकडे सारखा पसरेल.

वीज स्वतः तडा भरते ती एका वेगळ्या पद्धतीने. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतात. सळईला ऋण टोक जोडलं की तिच्याभोवती आणि तड्याच्या तोंडाशी पाण्याचा पीएच वाढतो, आणि त्या जागी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थरात साचू लागतात. जपानमध्ये भेगा पडलेल्या काँक्रीटवर ही पद्धत बारकाईने तपासली गेली. समुद्राऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड किंवा झिंक सल्फेटच्या पातळ द्रावणातही भेग बंद होत जाते, करंट चौरस मीटरला अर्धा अँपिअर ते एक अँपिअर धरून काही आठवड्यांत. आधी तड्याचं तोंड बंद होतं, आतली पोकळी हळूहळू भरते, पाणी झिरपणं कमी होतं.

करंट वाढवून काम लवकर उरकायचा मोह होतो. तो टाळा. करंट जास्त झाला की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि घट्ट कार्बोनेटऐवजी मऊ मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड साचतं. बोटाने दाबलं तर साबणासारखं लागतं, पहिल्याच लाटेत धुऊन जातं. हळू आणि कमी करंटमध्ये येणारा थर नखाला दाद देत नाही.

ही पद्धत जेट्टी, धक्का, भरतीच्या पाण्यातले खांब यांच्यासाठी योग्य आहे, जिथे पाणी आपोआप मिळतं आणि तडा काही दशांश मिलिमीटरचा आहे. चौथ्या मजल्यावरच्या कोरड्या छज्जाला ती वापरायची म्हटलं तर आठवडेच्या आठवडे द्रावण धरून ठेवावं लागेल. तिथे कव्हर नव्याने बांधा आणि जस्त वापरा. उन्हाने रोज उघडमीट होणाऱ्या हलत्या तड्यातही साचलेला थर टिकत नाही.

चालू केल्यावर होणारे बिघाड

व्होल्टेज मर्यादेला टेकला, पण करंट जवळजवळ शून्य. पहिला संशय जुन्या पॅचवर किंवा राहिलेल्या रंगावर घ्या. मागच्या दुरुस्तीतलं इपॉक्सी इथे भिंतीसारखं उभं राहतं. लगदा कोरडा पडलाय का तेही पाहा. मे महिन्यात दुपारी दोन तासांत सुकतो. पश्चिमेच्या भिंतीवर ठिबक सिंचनाच्या नळ्या लावून तो ओला ठेवणं हाताने पाणी मारण्यापेक्षा भरवशाचं.

करंट अचानक उसळला आणि व्होल्टेज पडला. जाळी कुठेतरी थेट लोखंडाला चिकटलीय. बांधणीच्या तारेचं बाहेर आलेलं टोक, जुना खिळा, ग्रिलचा बोल्ट, ड्रेनेज पाइपचा ब्रॅकेट. करंट बंद करून मीटरने एकेक भाग वेगळा करत शोधावं लागतं. म्हणून जाळी एकसंध न बांधता छोट्या विभागांत बांधा. बिघाड एका विभागापुरता राहतो.

सळईचा व्होल्टेज चालू केल्यावर कमी ऋण झाला. ताबडतोब बंद करा. टोकं उलटी जोडली गेली आहेत. आता सळई ॲनोड झाली आहे, आणि एक अँपिअरच्या हिशेबाने ती नैसर्गिक गंजाच्या कितीतरी पट वेगाने खाल्ली जाईल. चालू केल्याच्या पहिल्या मिनिटात संदर्भ इलेक्ट्रोडने आकडा अधिक ऋण होतोय ना ते पाहणं हा सक्तीचा नियम ठेवा, आणि तो आकडा सहीनिशी वहीत लिहून घ्या.

क्लोरीनचा वास येतोय, जाळीजवळचा लगदा पिवळट झाला. ॲनोडकडे आम्ल तयार होतंय. चुन्याचं पाणी बदला, पीएच मोजा, आणि बंद जिन्यात किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये काम असेल तर हवा खेळती ठेवा. रहिवाशांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या वासाला काम बंद पाडलं जातं.

काम संपल्यावर घेतलेलं हाफ-सेल रीडिंग आधीपेक्षा वाईट आलं. घाबरू नका. करंटने ढकललेली सळई पूर्वस्थितीला यायला आठवडे, कधी महिने घेते. त्या काळात सी ८७६ च्या मर्यादा लावणं चूक आहे. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

कुठे करू नका

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटमध्ये, म्हणजे ताणलेल्या तारा किंवा केबल असलेल्या काँक्रीटमध्ये, मीठ ओढण्याचा किंवा रिअल्कलायझेशनचा उपाय नको. ताणलेल्या उच्च बलाच्या तारांवर हायड्रोजन तयार झाला की त्या ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतात. कायमच्या करंटचा विचार केला तरी व्होल्टेजवर कडक मर्यादा लागते: सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडने मोजल्यास उणे ९०० मिलिव्होल्टच्या पलीकडे नाही. प्रीस्ट्रेसच्या केबल गंजल्या की काय होतं ते गोव्याने जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल पडला तेव्हा पाहिलं. वाशीच्या जुन्या ठाणे खाडी पुलाच्या केबलनाही खाऱ्या हवेने लवकरच ग्रासलं होतं. तशा बांधकामांत आधी केबलची तपासणी, उपाय नंतर.

इपॉक्सी कोटिंग केलेल्या सळया असतील तर प्रत्येक सळई वेगळी पडलेली असते, परिपथ बनतच नाही. खडी अल्कलीशी प्रतिक्रिया करणारी असेल तर सळईभोवती वाढलेली अल्कली नवेच तडे पाडू शकते. काँक्रीटचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. आणि सळईचा व्यास डोळ्यांना दिसण्याइतका घटला असेल तर आधी टेकू, जोडसळया, जॅकेटिंग (भोवती नव्या काँक्रीटचं आवरण). करंट गेलेलं लोखंड परत आणत नाही.

टेंडरमध्ये लिहायच्या गोष्टी

सोसायट्यांची टेंडरं चौरस फुटावर पॅच मोजतात, आणि जास्तीत जास्त उकरणं हेच कॉन्ट्रॅक्टरच्या फायद्याचं ठरतं. त्याऐवजी दुरुस्तीपूर्वीचा हाफ-सेल नकाशा, सळयांच्या जोडाचे ओहममधले आकडे, मॉर्टरची रोधकता, प्रत्येक ॲनोडची जागा दाखवणारं रेखाचित्र आणि जस्ताचं वजन, हे बिलाशी जोडा. इपॉक्सी बाँडिंग कोट आणि सळईवरचं इपॉक्सी कुठे वापरायचं नाही ते नावानिशी लिहा. प्रत्येक मजल्यावर एका ॲनोडची तार सळईला थेट न पिळता छोट्या पेटीतून बाहेर आणून जोडायला सांगा. त्या एका जोडावर मिलिअँपिअर मीटर लावून, दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, जस्त अजून करंट देतंय का ते कुठलाही इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत सांगू शकतो.